मराठी हस्ताक्षर वाचणारं मॉडेल: परवानगीच्या अर्जापासून डीओआयपर्यंत

एम.टेक.चा प्रबंध किंवा पीएचडीचं पहिलं वर्ष, आणि विषय मराठी हस्तलिखित ओळख. गाइड म्हणतात, ‘सीआरएनएन घे, डेटा गोळा कर, चालव.’ (सीआरएनएन म्हणजे चित्रातला शब्द वाचणारं एक न्यूरल जाळं, नेटवर्क.) यातलं पहिलं आणि शेवटचं काम महिन्याभराचं आहे. मधल्या ‘डेटा गोळा कर’मध्ये बाकीचं वर्ष जातं, आणि त्याबद्दल कुठल्याच पेपरात दोन ओळींच्या वर काही मिळत नाही. म्हणून जून ते मार्च हा सगळा प्रवास इथे क्रमाने लिहून ठेवतो. आकडे शंभर लेखक आणि प्रत्येकी २१० शब्द या मापाचे आहेत. एका विद्यार्थ्याला आणि दोन मदतनिसांना झेपणारं माप हेच.

आधी तयार काय मिळतं ते बघून घ्या. नेपाळमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला देवनागरी अक्षरांचा संच सगळ्यांना माहीत असतो: ४६ वर्ग, ९२,००० चित्रं, प्रत्येक चित्र ३२ बाय ३२ पिक्सेलचं. त्यात ३६ व्यंजनं आणि १० अंक आहेत, पण मात्रा नाहीत आणि ळ नाही. हात बसवायला उत्तम, पण मराठी शब्द वाचायला त्याचा उपयोग नाही. आयआयआयटी हैदराबादचा २०१८ चा आयआयआयटी-एचडब्ल्यू-देव संच शब्दांचा आहे: सुमारे ९५ हजार शब्द, १२ लेखक. पूर्वप्रशिक्षणासाठी, म्हणजे आपल्या डेटाआधी मॉडेलला शिकवून ठेवायला, तो घ्यायचाच. मात्र शब्द हिंदी वळणाचे आणि हात बाराच. ‘च्यांसाठीसुद्धा’ अशी शेपूट लागलेले शब्द, ळ, आणि ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’ यांच्यासाठी आपला डेटा लागतोच.

जून-जुलै: अर्ज आणि फॉर्म

पहिलं काम नैतिकता समितीचा अर्ज. बऱ्याच अभियांत्रिकी महाविद्यालयांत ही समिती वैद्यकीय किंवा समाजशास्त्रीय कामासाठीच आहे असा समज असतो. पण माणसांचं हस्ताक्षर गोळा करायचं तर अर्ज लागतो, आणि पुढे पेपर पाठवताना मंजुरीचा क्रमांक विचारतात. बैठक दोन महिन्यांतून एकदा होत असेल तर जूनचा अर्ज ऑगस्टमध्ये सुटतो. तारीख आधी विचारून घ्या. सोबत संशोधनाचं एक पानी टिपण, मराठीतलं संमतीपत्र, कोऱ्या फॉर्मचा नमुना आणि डेटा कुठे, किती वर्षं, कोणाच्या ताब्यात राहणार याचं निवेदन जोडावं लागतं.

संमतीपत्रात दोन गोष्टी हमखास सुटतात आणि अर्ज परत येतो. पहिली, माघार: लेखकाने नंतर ‘माझी पानं काढा’ म्हटलं तर कधीपर्यंत काढता येतील. ‘डेटा प्रसिद्ध होईपर्यंत’ असं स्वच्छ लिहा. दुसरी, वय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या व्यक्तीसाठी पालकांची, पडताळून बघता येईल अशी संमती लागते. शाळेतल्या मुलांची अक्षरं हवीहवीशी वाटतात, पण त्यासाठी मुख्याध्यापक, पालक आणि समिती अशी तिहेरी फेरी होते. पहिल्या टप्प्यात अठराच्या पुढचेच लेखक घेणं शहाणपणाचं. लेखनाच्या पानावर नाव नको, फक्त सांकेतिक क्रमांक. नाव आणि क्रमांकाची जोडी वेगळ्या वहीत, कपाटात. सही कुठल्याही नमुना पानावर घ्यायची नाही. ती फक्त संमतीपत्रावर, आणि संमतीपत्रं स्कॅनच्या गठ्ठ्यात मिसळायची नाहीत.

मंजुरी येईपर्यंत फॉर्म तयार होतो. ए-४ पान, तीन रकाने, दहा ओळी, म्हणजे तीस चौकटी. चौकट १५ मिलिमीटर उंच आणि साधारण ६० मिलिमीटर रुंद. चार रकाने बसवायचा मोह आवरा. ४५ मिलिमीटरमध्ये ‘महाराष्ट्रातल्या’ लिहिताना शेवटची दोन अक्षरं चेपली जातात किंवा रेषेबाहेर पडतात. चार कोपऱ्यांत १० मिलिमीटरच्या अरुको खुणा (प्रोग्रामला पटकन सापडणारे काळे-पांढरे चौकोन, ओपनसीव्ही या चित्रांच्या लायब्ररीत तयार मिळतात) आणि पान क्रमांकाचा क्यूआर कोड. अरुकोभोवती पांढरी किनार सोडावी लागते. ती खुणेच्या कडेला खेटून कापली गेली तर शोधक खूण ओळखत नाही. छापताना ‘फिट टू पेज’ बंद.

चौकटीच्या रेघांचा रंग फिका नारिंगी ठेवा. रंगीत स्कॅनमधला लाल चॅनल (चित्रातला फक्त लाल रंगाचा भाग) वेगळा काढला की नारिंगी रेघ जवळजवळ पांढरी होते आणि निळी-काळी शाई गडद राहते. रेघा पुसायला वेगळा प्रोग्राम लागत नाही, आणि शिरोरेषेला चिकटलेली चौकटीची रेघ हा सगळ्यात चिवट त्रास मुळातच टळतो. रंगीत छपाई पानाला आठेक रुपये पडते, काळी-पांढरी दीड-दोन. सातशे पानांत फरक चार हजारांच्या आसपास, आणि तो वसूल होतो. याच कारणाने लाल, गुलाबी, जांभळी पेनं वर्ज्य. ती रेघेबरोबर गायब होतात. प्रत्येकाला एक निळं बॉलपेन आणि एक काळं जेल आपणच द्यायचं. कागद १०० जीएसएमचा, रिममागे शंभर-सव्वाशे रुपये जास्त गेले तरी चालेल. ७५ जीएसएमवर जेलची शाई मागे उमटते. आणि पाठपोट छपाई नको.

शब्द कोणते, आणि दाखवायचे कसे

शब्दांसाठी मराठी विकिपीडियाचा डंप (सगळ्या लेखांची एकत्र फाइल) उतरवून घ्या. वारंवारतेच्या यादीतले वरचे शब्द सरसकट उचलले तर ‘आहे’, ‘आणि’, ‘होते’ यांचाच ढीग होतो आणि ‘ष्ट्य’, ‘ङ्म’, ‘ऱ्ह’ वाट्याला येत नाहीत. म्हणून आधी जोडाक्षरांची यादी करून प्रत्येक जोडाक्षर किमान काही शब्दांत येईल असं निवडायचं, मग उरलेल्या जागा वारंवारतेने भरायच्या. प्रत्येक लेखकाच्या सात पानांत २१० शब्द: ६० सगळ्यांना समान, १५० वेगवेगळे. सगळ्यांना तीच यादी दिली तर मॉडेल अक्षरांऐवजी शब्दांचे आकार पाठ करतं आणि चाचणीत नंबर झकास दिसतात.

आता दाखवण्याचा प्रश्न. चौकटीच्या वर शब्द छापला की माणूस फॉन्टची नक्कल करायला लागतो. २००९ च्या शासन निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श आहेत, आणि शाळेत शिकलेला हातही तेच लिहितो. पण फॉन्टमध्ये हिंदी वळणाचा ल छापलेला असेल तर निम्मी माणसं तसाच काढून देतात. त्यावर उपाय असा: पाच पानं छापील शब्दांची आणि दोन पानं श्रुतलेखनाची, ज्यात चौकटीवर फक्त क्रमांक आहे. श्रुतलेखनात खरा हात दिसतो, वेग दिसतो, शिरोरेषा गाळलेली दिसते. बदल्यात ह्रस्व-दीर्घ सैल होतं. ‘विद्यार्थी’ सांगितलं तर ‘विद्यार्थि’ही येतं. ते पुढे लेबलच्या वेळी, म्हणजे प्रत्येक चित्रात काय लिहिलंय ते टाइप करताना, सांभाळावं लागतं.

ऑगस्ट ते ऑक्टोबर: माणसं आणि पानं

लेखक शोधताना हॉस्टेलमधले शंभर मित्र गाठले तर काम आठवड्यात संपतं आणि डेटा एकाच वयाचा होतो. ग्रंथालय, ज्येष्ठ नागरिक संघ, पतसंस्थेतले कारकून, शिकवणीच्या बाई अशी सरमिसळ हवी. मानधन माणशी दोनशे रुपये दिलं तर कोणी घाईत उरकत नाही. बैठक पाऊण तासाची. चौथ्या पानानंतर पाणी-चहा. हात थकला की मात्रा वरच्या चौकटीत घुसतात आणि उकार गळतात, आणि तेही डेटात थोडं असायला हवं, पण सगळी पानं तशी नकोत. डावखुऱ्यांना जेल देऊ नका, हात घासून शाई फरपटते.

पावसाळ्यात कागद दमट होतो आणि फीडरमधून दोन-दोन पानं एकदम जातात. गठ्ठे प्लास्टिकच्या डब्यात सिलिकाच्या पुड्या टाकून ठेवायचे आणि स्कॅन शक्यतो गणपतीनंतर घ्यायचा. दुकानात स्कॅन पानाला दोन रुपये. ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), रंगीत, पीएनजी किंवा टिफ हे कागदावर लिहून द्या, कारण बऱ्याच दुकानांत न विचारता एका पीडीएफमध्ये दाबलेलं जेपीईजी देतात. ३०० डीपीआयवर ए-४ पान २४८० बाय ३५०८ पिक्सेल येतं आणि १५ मिलिमीटरची चौकट साधारण १७७ पिक्सेल उंच. फाइल उघडून हे माप तिथेच तपासा. कमी आलं तर दुकानदाराने २०० वर ठेवलं आहे. मोबाइलचे फोटो व्हॉट्सॲपवरून मागवू नका. तिथे चित्र लहान होतं आणि रेफ-अनुस्वार आधी जातात.

पान सरळ करणं अरुकोमुळे सोपं: चार कोपरे सापडले की एक होमोग्राफी (तिरकं पान सरळ करणारं गणित), आणि चौकटी ठरलेल्या जागी कापायच्या. कापताना मात्र वर आणि खाली चौकटीबाहेर तीन-चार मिलिमीटर जास्त घ्या. देवनागरीत वर रफार, मात्रा, चंद्रबिंदू आणि खाली उकार, ऋकार. चौकटीला चिकटून कापलं की चित्रात ‘क’ आणि लेबलमध्ये ‘कु’ असा डेटा तयार होतो, आणि मॉडेल इमानेइतबारे उकार कल्पनेने लावायला शिकतं. काळं-पांढरं करण्याची घाई नको. ओत्सूची पद्धत (काळं-पांढरं यांची सीमा आपोआप ठरवणारी, १९७९) एकसारख्या उजेडातल्या स्कॅनवर चालते, पण फिक्या बॉलपेनच्या बारीक रेघा तुटतात. करड्या छटेचं चित्रच मॉडेलला द्यावं.

नोव्हेंबर-डिसेंबर: लेबल, म्हणजे खरं काम

दिवाळीनंतर टंकलेखन. नियम एकच: जे लिहिलंय ते टाइप करायचं, जे सांगितलं होतं ते नाही. प्रत्येक शब्द दोघांनी स्वतंत्र टाइप करायचा, फरक पडला तर तिसरा निवाडा करेल. शब्दामागे पन्नास पैसे धरले तर एकवीस हजार शब्दांची दुहेरी नोंद एकवीस हजार रुपयांत होते, निवाड्याचे दोन-तीन हजार वेगळे. खोडलेला शब्द, अर्धा शब्द, रिकामी चौकट यांना वेगळ्या खुणा ठरवून ठेवा.

दुहेरी नोंदीतले फरक काढले की सुरुवातीला घाबरायला होतं. त्यातले बहुतेक फरक डोळ्यांना दिसतच नाहीत. इथे थोडं थांबायला हवं, कारण शेवटी येणारे त्रुटीचे आकडे याच जागी ठरतात.

‘बँक’ घ्या. एकाने टाइप केलं ब, चंद्रबिंदू, क. दुसऱ्याने ब, अर्धचंद्र, अनुस्वार, क. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण लेबल तीन चिन्हांचं आणि मॉडेलने चार चिन्हांचं लिहिलं तर त्रुटी दोन, म्हणजे ६७ टक्के चूक, आणि तीही बरोबर वाचलेल्या शब्दावर. ‘ॲ’चंही तसंच. युनिकोडच्या (संगणकात प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या प्रमाणाच्या) ५.१ आवृत्तीत (२००८) त्याला ०९७२ हा स्वतंत्र क्रमांक मिळाला, पण जुन्या मजकुरात आणि बऱ्याच कीबोर्डांत अजून अ आणि वर अर्धचंद्र अशी जोडी येते. युनिकोडचं एनएफसी प्रमाणीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी लेखनं एका रूपात आणणारं) चालवलं की हे जुळेल अशी आशा असते. ते जुळवत नाही, कारण युनिकोडच्या लेखी या दोन लेखनांचा काही संबंध नाही. र आणि नुक्ता यांचा ऱ मात्र एनएफसी करतं.

सगळ्यात घातक ‘दुसऱ्या’. हा दोन प्रकारे येतो: ऱ, हलन्त, य अशी सात चिन्हं, किंवा साधा र, हलन्त, अदृश्य जोडचिन्ह (झेडडब्ल्यूजे), य अशी आठ. आणि सफाईच्या नावाखाली कोणीतरी अदृश्य चिन्हं सरसकट काढली की उरतं ‘दुसर्या’, म्हणजे रफारवालं वेगळंच चित्र. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ याचं ‘ऱ, हलन्त’ करायचं, मग एनएफसी, मग अ-अर्धचंद्राचा ॲ, मग बँकेचं एक रूप, आणि सगळ्यात शेवटी उरलेली अदृश्य चिन्हं काढायची. वीस ओळींचा हा प्रोग्राम लेबल, विकिपीडियाचा मजकूर आणि मॉडेलचं उत्तर अशा तिन्ही ठिकाणी तोच चालवायचा. टंकलेखकांना एकच कीबोर्ड द्या. इनस्क्रिप्ट बरा, कारण कुठली कळ कुठलं चिन्ह देते ते ठरलेलं असतं. हे जूनमध्येच करून ठेवता आलं तर निवाड्याचे पैसे निम्म्याने वाचतात.

एक्सेलबद्दल एवढंच: सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा मजकूर) थेट दोनदा टिचकी मारून उघडली की मराठीचा चिखल होतो, आणि तशीच सेव्ह केली तर मूळही गेलं. बीओएमसह (एक्सेलला लिपी ओळखू देणारी सुरुवातीची खूण) यूटीएफ-८ ठेवा किंवा लेबल स्टुडिओसारखं मोफत साधन वापरा.

जानेवारी-फेब्रुवारी: मॉडेल

रचना जुनीच पुरते. सीआरएनएन (२०१५): वर कॉन्व्होल्युशन (चित्रातले आकार टिपणारे थर), मध्ये दुहेरी दिशेचा एलएसटीएम (पुढून-मागून क्रमाने वाचणारा थर), खाली सीटीसी (कुठलं अक्षर चित्रात कुठे आहे हे न सांगता शब्द शिकवण्याची पद्धत, २००६). मूळ मॉडेल ८३ लाख पॅरामीटरचं (शिकताना बदलत जाणारे आकडे). कागल (Kaggle) या संकेतस्थळावर आठवड्याला मोफत मिळणाऱ्या साधारण तीस जीपीयू-तासांत (जीपीयू म्हणजे मॉडेल शिकवायचं वेगवान कार्ड) आरामात बसतं, त्यामुळे या महिन्यांत खर्च जवळपास शून्य. चित्रं मात्र हजारो सुट्या फाइलींनी चढवू नका. जीपीयू रिकामा बसतो आणि तास डिस्क वाचण्यात जातात. एका एलएमडीबी (झटपट वाचता येणाऱ्या डेटाबेसच्या) फाइलमध्ये बांधा, आणि दर एपॉकला, म्हणजे सगळा डेटा एकदा शिकवून झाला की, वजनं (तेच पॅरामीटर) सेव्ह करा.

शिरोरेषा ओळखून, काढून, अक्षरं सुटी करण्याची छापील मजकुराची पद्धत हस्तलिखितावर चालवू नका. शिरोरेषा तिरकी असते, तुटक असते, एका दमात सगळ्या शब्दावर ओढलेली असते किंवा नसतेच. सीटीसीला अक्षरं सुटी करून लागत नाहीत, हाच त्याचा फायदा.

पण सीटीसीची एक अट देवनागरीत टोचते. चित्राच्या रुंदीतून जितके कप्पे निघतात (उभे तुकडे, प्रत्येकाला मॉडेल एक उत्तर देतं), ते लेबलमधल्या चिन्हांपेक्षा कमी असून चालत नाहीत. आणि तेच चिन्ह लागोपाठ आलं, जसं ‘ममता’मध्ये, तर प्रत्येक जोडीला एक कप्पा जास्त. ‘स्त्री’ लिहायला एका अक्षराची जागा लागते, पण चिन्हं सहा: स, हलन्त, त, हलन्त, र, ई-मात्रा. शब्दाचं चित्र ४० पिक्सेल रुंद असेल आणि जाळं रुंदी आठ पटीने कमी करत असेल तर कप्पे पाच. मग लॉस (मॉडेलच्या चुकीचं माप) अनंत होतो. पायटॉर्च या लायब्ररीमध्ये ‘झिरो इन्फिनिटी’ हा पर्याय चालू केला की ती तक्रार गप्प होते, पण ती चित्रंही शिकण्यातून गप्पपणे बाद होतात, आणि बाद होणारे शब्द नेमके जोडाक्षरांचेच असतात. पर्याय चालू करण्याआधी असे किती नमुने आहेत ते मोजा. रुंदीची घट चार पटींवर ठेवा (मूळ सीआरएनएनमध्ये तेवढीच आहे), उंची ३२ ऐवजी ६४ घ्या आणि उंचीच्या दिशेने एक पूलिंग (चित्र लहान करणारी पायरी) वाढवा. वर-खालच्या मात्रांना ती उंची लागतेच.

सुरुवातीच्या काही एपॉकमध्ये मॉडेल सगळीकडे ‘रिकामं’ (इथे चिन्ह नाही) हेच उत्तर देतं आणि लॉस एका जागी बसतो. तो बिघाड नाही, सीटीसी तसंच सुरू होतं. खरा बिघाड आहे का हे बघायला पन्नासच शब्द घ्या आणि ते पाठ होतात का पाहा. पन्नासही पाठ होत नसतील तर लेबल आणि चित्र यांची जोडी सरकली आहे, किंवा चिन्हांच्या यादीत रिकाम्याचा क्रमांक चुकला आहे. लर्निंग रेट (शिकण्याच्या पावलाचं माप) ०.००१ ने सुरू करून सुधारणा थांबली की ०.०००१, ग्रेडियंट (पॅरामीटर किती आणि कुठे हलवायचे ते) ५ वर छाटलेला.

पहिली वेलांटी चित्रात व्यंजनाच्या आधी आणि युनिकोडमध्ये नंतर येते. रफाराचं उलटं: लेबलमध्ये आधी, चित्रात अक्षराच्या डोक्यावर शेवटी. दुहेरी एलएसटीएम पुढचं-मागचं बघून हे शिकतो, पण ‘कार्यकर्त्यांनी’सारख्या शब्दात दोन रफार एकमेकांत गुंतले तर चुकतो. चुकांच्या तक्त्यात मग घ-ध, भ-म, थ-य, ब-व, प-ष या ठरलेल्या जोड्या आणि ‘ख’चा ‘रव’. ताणून-वाकवून डेटा वाढवताना हात आखडता घ्या. जास्त ताणलं की घ चा ध आपणच करतो. तीन-चार अंशांचं वळण, थोडी जाडी-बारकी, पुरे. आडवं उलटवणं तर कधीच नाही: ३ उलटला की जवळजवळ ६ होतो.

फॉन्टमधून कृत्रिम शब्द काढायचे असतील तर चित्रांच्या पिलो लायब्ररीत लिबराक्म (मात्रा-जोडाक्षरं नीट जुळवणारा भाग) आहे ना ते आधी तपासा. ते नसेल तर वेलांटी व्यंजनानंतर पडते, जोडाक्षरं हलन्त दाखवत सुटी राहतात आणि हजारो चुकीची चित्रं मुकाट्याने तयार होतात. सोबत भाषा ‘मराठी’ अशी सांगावी लागते. मगच नोटो सान्स देवनागरीसारखा फॉन्ट मराठी ल आणि श काढतो.

क्रम असा बरा पडतो: कृत्रिम शब्द, मग हैदराबादचा संच, मग आपला डेटा. विभागणी लेखकांनुसार: सत्तर शिकायला, दहा जुळवायला, वीस चाचणीला. एकाच माणसाची पानं दोन्हीकडे गेली तर आकडा सुंदर येतो आणि नवा हात आला की कोसळतो. चाचणीचे तक्ते दोन द्या, शिकताना दिसलेल्या शब्दांचा आणि न दिसलेल्यांचा. दुसरा वाईट येतो. तोच खरा.

त्रुटी मोजतानाही एकक सांगावं लागतं. ‘लक्ष्मी’ऐवजी मॉडेलने ‘लक्मी’ वाचलं असं समजा. चिन्हांनी मोजलं तर सातांपैकी दोन, २९ टक्के. अक्षरगटांनी मोजलं तर प्रश्न कुठल्या युनिकोडच्या गटांनी. २०२३ च्या १५.१ आवृत्तीआधी ‘लक्ष्मी’चे चार गट पडत (ल, क्, ष्, मी), त्यातला एक गळला, २५ टक्के. १५.१ पासून जोडाक्षर एकसंध धरतात, गट दोनच, एक चुकला, ५० टक्के. म्हणजे लायब्ररीची आवृत्ती बदलली की मॉडेलला हात न लावता आकडा हलतो. पेपरात एकक आणि आवृत्ती दोन्ही लिहा.

भाषा-मॉडेल (कुठला शब्द भाषेत जास्त संभवतो ते सांगणारं) जोडून बीम सर्च (अनेक शक्य उत्तरं धरून त्यातलं सरस निवडणं) केला की शब्द सुधारतात, हे खरं. पण आपलं लेबल ‘लिहिलंय तसं’ आहे. लेखकाने ‘विद्यार्थि’ लिहिलं, मॉडेलने ते बरोबर वाचलं, आणि भाषा-मॉडेलने त्याचं ‘विद्यार्थी’ केलं, तर ती चूक मोजली जाते. आडनावं आणि गावांची नावं तर भाषा-मॉडेल हमखास बिघडवतं. अर्ज-फॉर्म वाचायचे असतील तर त्याचं वजन अगदी कमी ठेवावं किंवा काढून टाकावं, असं माझं मत.

हवेत लिहिलेले अंक

हातवाऱ्यांचा भाग याच प्रकल्पाला जोडून येतो: कॅमेऱ्यासमोर बोटाने लिहिलेले ० ते ९. मीडियापाइप हे साधन हाताचे २१ बिंदू देतं, तर्जनीचं टोक ८ क्रमांकाचं, अंगठ्याचं ४. ओळखण्यापेक्षा पेन कधी टेकलं आणि कधी उचललं हे ठरवणं अवघड. अंगठा आणि तर्जनी जुळली की पेन टेकलं असं धरायचं; त्यांच्यातलं अंतर मनगटापासून मधल्या बोटाच्या मुळापर्यंतच्या (बिंदू ० पासून बिंदू ९ पर्यंत) अंतराने भागा, म्हणजे हात जवळ-दूर झाला तरी माप तेच राहतं. टेकण्याची आणि उचलण्याची मर्यादा वेगवेगळी ठेवा. एकच ठेवली तर सीमेवर पेन फडफडतं आणि एका रेघेचे दहा तुकडे होतात. थरथर काढायला २०१२ चा वन युरो फिल्टर पुरतो. संध्याकाळच्या उजेडात वेबकॅम स्वतःच फ्रेमचा वेग कमी करतो आणि झपकन काढलेल्या वळणातले बिंदू गळतात. टेबलावर एक ट्यूब वाढवली की काम होतं. पडद्यावर आरशासारखं चित्र दाखवा, पण साठवताना कोणती बाजू साठवली ते फाइलमध्ये नोंदवा, नाहीतर ३ आणि ६ ची वर सांगितलेली अदलाबदल इथे गुपचूप होते. अक्षरं हवेत लिहिताना शिरोरेषा जवळपास कोणीच ओढत नाही, त्यामुळे कागदावर शिकलेलं मॉडेल तिथे तसंच वापरता येत नाही.

मार्च: प्रसिद्ध करताना

एकूण खर्च पंचावन्न ते साठ हजार. त्यातले चाळीसच्या वर मानधन आणि टंकलेखन, उरलेल्यात छपाई, कागद, स्कॅन आणि एक हार्ड डिस्क. विभागाच्या संशोधन निधीतून मिळण्यासाठी मानधनाच्या पावत्या नाव-सहीसह लागतात, आणि इथे गुप्ततेशी टक्कर होते. पावतीवर सांकेतिक क्रमांक टाकायचा नाही, एवढं पाळलं तर पावतीवरून पान शोधता येत नाही.

झेनोडो या संशोधनाचा डेटा ठेवायच्या संकेतस्थळावर एका नोंदीत ५० जीबीपर्यंत मोफत ठेवता येतं. सातशे पानं आणि कापलेले शब्द त्यात सहज मावतात. चढवण्याआधी फाइलींची नावं बघा, दुकानाने स्कॅनला दिलेल्या नावात लेखकाचं आडनाव राहिलेलं असू शकतं. सोबत प्रमाणीकरणाचा तो वीस ओळींचा प्रोग्राम, लेखकनिहाय विभागणीची फाइल, आणि फॉर्मची कोरी पीडीएफ. परवाना सीसी-बाय ४.० (श्रेय देऊन कोणीही वापरावा असा) ठेवायचा तर संमतीपत्रात ‘इतरांना वापरायला देऊ’ हे वाक्य जूनमध्येच असावं लागतं. झेनोडो दोन डीओआय (कायमचे ओळख-क्रमांक) देतं, एक त्या आवृत्तीचा आणि एक सगळ्या आवृत्त्यांचा मिळून. पेपरात आवृत्तीचा द्यावा, कारण लेबलमधल्या चुका लोक कळवतातच आणि दुसरी आवृत्ती काढावी लागते.